हार्डरॉक शंभर

अमेरिकेतील कोलोराडो राज्याच्या सान व्हान पर्वतरांगेत जुलै महिन्यात होणारी दीर्घ पल्ल्याची डोंगरी धावशर्यत. सुरुवात १९९२. खडतर कातळ फोडणाऱ्या खाणकामगारांच्या स्मरणार्थ तिला हे नाव मिळाले. मार्गही बव्हंशी त्यांच्याच जुन्या पायवाटांवरून जातो. नावात शंभर मैल असले तरी प्रत्यक्ष अंतर सुमारे १६५ किमी. भरते. एकूण चढ सुमारे १०,००० मी. असून हँडीज हे १४,०४८ फूट उंचीचे शिखर मार्गातील सर्वोच्च स्थान होय. मुदत ४८ तासांची. विरळ हवा, बर्फाचे उतार आणि दुपारच्या विजा यांमुळे नुसता वेग येथे फारसा कामाला येत नाही.

शर्यत सिल्व्हर्टन गावात सुरू होऊन तेथेच संपते. समाप्तीची फीत नसते. मेंढ्याचे मस्तक रंगवलेल्या भल्यामोठ्या शिळेचे चुंबन घेतल्यावरच धाव पूर्ण झाली असे मानतात. मार्गाची दिशा दरवर्षी उलटते. व्हर्जिनियस खिंडीच्या अरुंद कड्यावर क्रोगर्स कँटीन हा मदतथांबा असतो. स्वयंसेवक तेथवर सामान पाठीवर वाहून नेतात आणि दमल्याभागल्या धावपटूंपुढे सूपाबरोबर टकीलाचा घोटही धरतात. वैद्यकाला ते रुचणार नाही, पण प्रथा टिकून आहे. प्रवेश सोडतीने मिळतो; त्याआधी पात्रता-शर्यत पुरी केलेली असावी लागते. अतिहिमामुळे १९९५ व २०१९ मध्ये, तर वणव्यामुळे २००२ मध्ये शर्यत रद्द करावी लागली.