गच्चीतील लाकडी डेकची निगा

पुण्याच्या दक्षिण टोकाला, घाटाच्या पायथ्याशी वसलेल्या कात्रजमध्ये फ्लॅटला जोडून गच्ची असलेल्या इमारती पुष्कळ आहेत. समोर डोंगर दिसणाऱ्या अशा गच्चीत फरशीवर लाकडी पट्ट्यांची जमीन, म्हणजेच डेक, करून घेण्याची हौस अनेकांना असते. पहिल्या वर्षी सोनेरी दिसणारे हे लाकूड दोन पावसाळे उलटले की राखाडी पडते, फटींत शेवाळ धरते आणि ओल्या दिवसांत घरातील वडीलधाऱ्यांना त्यावर पाऊल टाकणेही धोक्याचे होते. मग पॉलिशवाल्याला बोलावणे जाते. तो वरून चकाकी आणून देतो आणि पुढच्या श्रावणात तीच चकाकी पापुद्र्यांनी सुटू लागते. वास्तविक डेकच्या कामातील तीन चतुर्थांश भाग सफाई आणि वाळवणीचा असतो. स्टेन हा शेवटचा आणि तुलनेने सोपा टप्पा होय.

जुन्या पुण्यातील वाड्यांत लाकूड विपुल वापरले गेले, पण उघड्यावर कधी ठेवले गेले नाही. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांनी बांधलेल्या विश्रामबाग वाड्याचा कोरीव लाकडी दर्शनी भाग पाहावा. वर छपराची सावली, आणि वाड्यातील लाकडी खांबांच्या खाली दगडी तळखडा, की जमिनीची ओल लाकडात चढू नये. डेकच्या नशिबी यातील काहीच नाही. वरून पाऊस, खाली साचलेले पाणी, मध्ये पादत्राणांची घासाघीस आणि वर्षातील आठ महिने ऊन, अशा अवस्थेत उत्तम सागवानही निगेवाचून टिकत नाही.

लाकूड राखाडी का पडते, हे समजून घेतले तर पुढची कृती आपोआप उलगडते. लाकडातील तंतूंना बांधून ठेवणारा लिग्निन नावाचा घटक उन्हातील अतिनील किरणांनी फुटतो व पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जातो. मागे उरतो तो सैल, करड्या तंतूंचा पातळ थर. त्यात धूळ बसते, ओल टिकते आणि बुरशी वाढते. या मेलेल्या थरावर कितीही महागाचा स्टेन लावला तरी तो त्या थरासकट निघून येतो. म्हणून आधी हा थर काढावा लागतो.

काम सुरू करण्यापूर्वी डेक कशाचा आहे, हे पाहावे. लाकडाचा भुसा व प्लॅस्टिक यांच्या मिश्रणाच्या पट्ट्या हल्ली बऱ्याच ठिकाणी बसवलेल्या असतात. त्या फक्त धुवाव्यात, लाकडाचा स्टेन त्यांत मुरत नाही. हिरवट झाक असलेले पाइन असेल तर ते तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांच्या क्षारांनी प्रक्रिया केलेले असण्याची शक्यता असते. ही प्रक्रिया भारतातच, डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेसम यांनी 1933 मध्ये शोधून काढली व पुढे ती जगभर वापरली गेली. मात्र आर्सेनिकमुळे अशा लाकडाचा घासलेला भुसा नाकात जाऊ देणे घातक आहे. असे लाकूड कोरडे घासू नये. सागवानाचा भुसाही काहींना खाज आणतो, तेव्हा नाकातोंडावर मास्क कोणत्याही परिस्थितीत असावाच.

सफाईच्या दिवशी कुंड्या आणि तुळशीवृंदावन बाजूला घ्यावे, आणि खालच्या मजल्यावर वाळत घातलेले कपडे काढण्याची विनंती करावी. धुण्याचे पाणी कुठून तरी खाली उतरतेच. फटींतील माती, पाने, केस पातळ पट्टीने उकरून काढावेत. मग डेक साध्या पाण्याने भिजवून त्यावर सोडियम परकार्बोनेटचे द्रावण ओतावे. बाजारात ते ऑक्सिजन ब्लीच या नावाने मिळते. लिटरभर कोमट पाण्यात 50 ते 60 ग्रॅम भुकटी पुरते. पंधरा-वीस मिनिटे ते वाळू न देता तसेच ठेवावे व नायलॉनच्या ताठ ब्रशाने रेषांच्या दिशेने घासावे. लोखंडी तारेचा ब्रश कटाक्षाने टाळावा. त्याचे बारीक तुकडे लाकडात अडकतात, गंजतात आणि लाकडातील टॅनिनशी संयोग होऊन काळे ठिपके उठतात. नळाला प्रेशर वॉशर लावून काम उरकण्याचा मोह अनेकांना होतो. पाण्याचा तो मारा मऊ तंतू उचकटतो आणि लाकूड केसाळ करून सोडतो.

परकार्बोनेट अल्कधर्मी असल्याने धुतल्यावर लाकूड काहीसे काळवंडते. ऑक्सॅलिक आम्लाचे सौम्य द्रावण, लिटरला 30 ते 50 ग्रॅम, ते पुन्हा उजळवते आणि खिळ्या-स्क्रूंभोवतीचे काळे डागही घालवते. हे आम्ल विषारी आहे. हातमोजे व डोळ्यांना चष्मा हवा, मुले व पाळीव प्राणी दूर हवेत. घरातील क्लोरीनयुक्त ब्लीच यात कदापि मिसळू नये. शेवटी भरपूर पाण्याने सर्व धुऊन काढावे.

यानंतर उताविळी करू नये. वरून कोरडी वाटणारी पट्टी आतून ओली असते. किमान दोन ते तीन दिवस स्वच्छ ऊन मिळाले पाहिजे. आर्द्रतामापक उपलब्ध असेल तर 15 टक्क्यांच्या आत आकडा येईपर्यंत थांबावे. वाळताना उठलेली कुसे 80 नंबरच्या काचकागदाने हलकेच घासावीत. त्याहून फार बारीक कागदाने लाकूड गुळगुळीत केले तर रंध्रे बुजतात आणि स्टेन शोषला जात नाही. फर्निचरच्या सवयीचे सुतार नेमके तेच करतात.

पुण्यात हे सारे जमवायचे ते केव्हा, हा खरा प्रश्न. परतीचा पाऊस ऑक्टोबरमध्येही हजेरी लावतो, म्हणून दिवाळीनंतरचे आठवडे सर्वांत चांगले. डिसेंबर-जानेवारीत डोंगराकडच्या भागात पहाटे दव पडते, तेव्हा ते सुकल्यावरच हात लावावा. फेब्रुवारी व मार्चचा पूर्वार्धही चालतो. एप्रिल-मेमध्ये मात्र दुपारी पट्टीला हात लावता येत नाही. अशा लाकडावर स्टेन मुरण्याआधीच सुकतो, आणि वर वळवाच्या पावसाची धास्ती. सातारा रस्ता किंवा बाह्यवळणालगतच्या इमारतींना धुळीचाही त्रास आहे. वाऱ्याच्या दिवशी ओल्या स्टेनवर बसलेली धूळ कायमची बसते.

आता स्टेन कोणता? फ्रेंच पॉलिश लाखेचे, पाण्याने पांढरे पडणारे. मेलामाइन घरातील फर्निचरसाठी ठीक. वॉर्निश किंवा पॉलियुरेथेनचा कडक थर डेकवर शोभतो, पण लाकूड उन्हापावसात फुगते-आकसते तसा तो तडकतो, आणि मग नवा थर देण्यापूर्वी जुना संपूर्ण खरवडावा लागतो. लाकडात मुरणारा, तेलाधारित, अर्धपारदर्शक बाह्य वापराचा स्टेन हाच येथे योग्य. त्यातील रंगकण अतिनील किरण अडवतात. बिनरंगी तेल ते काम फारसे करीत नाही. घरगुती उपाय म्हणून जवसाचे तेल चोळण्याची पद्धत जुनी असली तरी दमट हवेत कच्चे जवसाचे तेल बुरशीला खाद्य ठरते. कोकणात होड्यांना काजूच्या टरफलाचे तेल लावतात. ते टिकाऊ खरे, पण त्वचेला भाजणारे आहे. ते डेकवर, अनवाणी पायांखाली, नको.

दहा फूट बाय बारा फूट गच्चीला एका हाताला साधारण सव्वा ते दीड लिटर स्टेन लागतो. डबा हलवण्याऐवजी तळापासून ढवळावा, कोपऱ्यातील पट्टीवर आधी रंग पारखावा. सावली असताना दोन-तीन पट्ट्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पूर्ण कराव्यात. मध्येच थांबल्यास जोडाची गडद रेघ उमटते. दहा-पंधरा मिनिटांत न मुरलेला स्टेन कापडाने पुसून घ्यावा, तो तसाच राहिला तर चिकट थर होतो. पट्ट्यांची कापलेली टोके सर्वाधिक पाणी पितात, त्यांना दोनदा लावावे.

पुसलेल्या चिंध्यांविषयी डब्यावर बारीक अक्षरांत लिहिलेले असते आणि कोणी वाचत नाही. वाळणाऱ्या तेलांनी भिजलेली कापडे चुरगळून ढिगात ठेवली तर हवेशी संयोगातून उष्णता साठते व ती आपोआप पेट घेऊ शकतात. माळ्यावर अथवा जिन्याखाली ती मुळीच टाकू नयेत. उघड्यावर एकेक पसरून वाळवावीत किंवा पाण्याने भरलेल्या डब्यात बुडवून ठेवावीत.

डेकखालची गच्ची विसरली जाते, आणि खालच्या फ्लॅटमालकाशी वाद तेथूनच सुरू होतात. पट्ट्यांच्या आधाराच्या रिपा ब्रिकबॅट कोब्यात स्क्रू मारून बसवल्या असतील तर वॉटरप्रूफिंगला छिद्रे पडतात. तुंबलेली जाळी पाणी अडवून ठेवते ती वेगळीच. त्यासाठी जाळीजवळच्या एक-दोन पट्ट्या सहज उचलता येतील अशा ठेवाव्यात, आणि मेअखेर त्या उचलून खालचा कचरा काढावा. त्याच वेळी डेकवर चार थेंब पाणी शिंपडावे. थेंब मोत्यासारखे राहिले तर पावसाळा निभावेल. शोषले गेले तर दिवाळीनंतर पुन्हा काम काढावे लागेल. कडक उन्हातील डेकला हा फेरा बहुधा एक-दोन वर्षांनी येतो.