नल मोडेम केबल
दोन संगणक मोडेमशिवाय थेट जोडणारी सिरियल केबल. १९६० च्या आरएस-२३२ मानकात संगणकासमोर मोडेम गृहीत धरलेला असतो. दोन्हीकडे संगणकच असले, तर पाठवणाऱ्या पिनेसमोर पाठवणारीच पिन येते. म्हणून एकाची पाठवणारी पिन दुसऱ्याच्या घेणाऱ्या पिनेला डाख देऊन जोडतात, ग्राउंड ग्राउंडला. हमखास फसगत होते ती आकडे पाहून: संगणकावरच्या ९ पिनांच्या कनेक्टरमध्ये २ क्रमांकाची पिन माहिती घेते, २५ पिनांच्या कनेक्टरमध्ये तीच पाठवते. त्यामुळे या दोहोंत २ ला २, ३ ला ३ आणि ५ ला ७ अशी जोडणी लागते. वेग व पॅरिटी (चूक ओळखण्यासाठीच्या जादा बिटची पद्धत) दोन्हीकडे सारखी हवी. ९६०० बॉडने ३६० केबीच्या फ्लॉपीएवढा मजकूर पाठवायला सहा मिनिटांहून अधिक लागतात. भिन्न जातीच्या यंत्रांत असा मजकूर पाठवायला कोलंबिया विद्यापीठात १९८१ मध्ये घडवलेला कर्मिट हा प्रोटोकॉल फार भरवशाचा. मजकुराचे चुकलेले पाकीट (पॅकेट) तो पुन्हा मागवतो.