लेंडीखताचा करार : कोल्हापूरच्या मातीचा कागदावर न आलेला इतिहास

१/ कोल्हापूरच्या शेतीचा इतिहास आपण पाण्यापासून सांगू लागतो. १८९५ साली वसलेली शाहूपुरीची पेठ व तिचा गूळबाजार, शाहू महाराजांनी हाती घेतलेले राधानगरीचे धरण, पुढे साखर कारखाने. हे सारे खरेच आहे. पण ज्या मातीवर हे पाणी आले, ती माती तोवर कोणी जिवंत ठेवली होती? हा धागा त्याविषयी.

२/ उत्तराचा मोठा भाग धनगरांच्या वाड्यावर सापडतो. येथे वाडा म्हणजे चौसोपी घर नव्हे. मेंढरे, घोडी, कुत्री, कोंबड्या आणि बायकापोरे यांचा फिरता मुक्काम. दख्खनी मेंढीला संततधार पाऊस सोसत नाही. म्हणून पावसाळ्यात कळप पूर्वेकडच्या कमी पावसाच्या माळांवर राहत आणि दिवाळीच्या सुमारास नदीकाठच्या काळ्या रानांकडे वळत.

३/ नेमक्या त्याच वेळी खरीप निघून रान मोकळे झालेले असे. शेतकरी वाड्यावर जाई आणि बोलणे होई : मेंढरे किती, रात्री किती, धान्य किती. दिवसा कळप माळावर, बांधावर चरे. रात्री शेतात वाघूर, म्हणजे जाळ्याचे कुंपण, लावून त्यात मेंढ्या बसवीत. दुसऱ्या रात्री वाघूर पुढे सरके. होता होता साऱ्या रानावर लेंडी पडे. कागद नाही, साक्षीदार नाही. पुढच्या वर्षी तोच वाडा त्याच शेतकऱ्याकडे येई, हीच नोंद.

४/ लेंडीखताचे मोल सर्वांना ठाऊक असते. मुताचे मोल सहसा विसरले जाते. जनावराने खाल्लेल्या चाऱ्यातील नत्राचा आणि पालाशाचा मोठा वाटा मूत्रातून बाहेर पडतो. गोठ्यात तो जमिनीत मुरून वाया जातो. शेण उकिरड्यावर ऊनपाऊस खाते, उरलेल्याच्या शेणी थापल्या जातात. मेंढी मात्र शेतातच बसते, त्यामुळे मूत्र थेट मातीत जिरते. वाहतूक नाही, साठवण नाही. खतच चार पायांनी शेतावर चालत येते.

५/ हे फुकट होत नव्हते, हेही सांगायला हवे. दिवसा माळावर खाल्लेले गवत रात्री शेतात उतरत असे. म्हणजे माळाची सुपीकता रानात येत होती. माळ विस्तीर्ण आणि मोकळा असेल, तोवरच हा हिशेब जुळणार.

६/ ही रीत मागासलेपणाची खूण मुळीच नव्हे. इंग्लंडमध्ये विल्टशरच्या खडूमातीच्या टेकड्यांवरही हेच चाले : दिवसा मेंढ्या टेकडीवर, रात्री धान्याच्या शेतात कुंपण घालून बसविलेल्या. शतकानुशतके तेथील गहू-बार्ली या खतावर पोसली.

७/ आपल्याकडे हे नाते ठणकावून मांडणारा पहिला मोठा लेखक म्हणजे जोतीराव फुले. १८८३ साली पूर्ण झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी जंगलखात्यावर झोड उठविली : चराईची राने बंद झाली की जनावरे घटतात आणि जमीन खताविना भुकेली राहते. उपायही सांगितले : डोंगरउतारावर ताली-बंधारे बांधावेत, परदेशांतून उत्तम शेळ्यामेंढ्यांची बेणी आणावीत. फुल्यांच्या या बाजूची चर्चा फारच थोडी होते.

८/ पुढे सरकारी शास्त्रज्ञही जवळपास येथेच पोचले. व्होल्करने १८९३ च्या अहवालात लिहिले की जळणाला लाकूड नसल्याने शेण चुलीत जाते. अल्बर्ट हॉवर्डने १९२४ ते १९३१ या काळात इंदूरला कंपोस्टची पद्धत बसविली. मातीतून घेतलेले मातीला परत द्यावे, हे त्याचे सूत्र पुढे जगभर गेले.

९/ मग कोल्हापुरात करार मोडला कसा? लोक ‘रासायनिक खत आले’ म्हणून मोकळे होतात. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते पंचांग. ज्वारीचे रान सुगीनंतर रिकामे होते. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने उभा राहतो, त्यामागून खोडवा येतो. वाडा दारात आला, तरी मेंढ्या बसवायला रानच रिकामे नाही! त्यातच माळ नांगराखाली गेले, उपसा योजनांचे पाणी चढावर पोचले, आणि दिवसाची चराईही आटली. युरियाच्या पोत्याला मात्र ना ऋतू लागतो, ना माळ.

१०/ शिरोळ तालुक्यात, कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळ, दुसरेच संकट उभे राहिले : क्षारपड जमीन. मेंढ्या गेल्या म्हणून जमीन खारावली, असे म्हणणे खोटे ठरेल. अतिपाणी आणि निचऱ्याचा अभाव ही त्याची कारणे. इशाराही जुनाच होता. १८८५ मध्ये सुरू झालेल्या नीरा डाव्या कालव्याखालच्या खाऱ्या जमिनींचा अभ्यास हॅरॉल्ड मान यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच केला होता. आज शिरोळचा दत्त साखर कारखाना जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून अशा जमिनी सोडवितो आहे. पण निचऱ्याने क्षार जातात. मातीतला कस त्याने परत येत नाही. तेथे पुन्हा सेंद्रिय खतच लागते.

११/ जनावरे जिल्ह्यातून गेली नाहीत, हे विसरू नये. १९६३ मध्ये ‘गोकुळ’ दूध संघ स्थापन झाला आणि दाराशी म्हैस आली. ती उसाचे वाडे खाते, शेण देते. फरक इतकाच की ती दावणीला बांधलेली आहे, आणि शेण शेतापर्यंत माणसाने वाहायचे आहे.

१२/ जुनी रीत टिकली ती अनपेक्षित ठिकाणी. भुदरगड तालुक्यातल्या आदमापूरला संत बाळूमामांचे (१८९२–१९६६) समाधिस्थान आहे. त्यांच्या मेंढ्यांचे बग्गे आजही महाराष्ट्र-कर्नाटकात फिरतात. आपल्या शेतात ते बसावेत म्हणून शेतकरी विनवणी करतात, मेंढक्यांना जेवू घालतात. भाविक त्याला कृपा म्हणतो, मृदाशास्त्रज्ञ नत्र म्हणेल. शेतात दोन्ही एकाच रात्री उतरतात.

१३/ आणि दरवर्षी दिवाळीच्या आधी, आश्विनात, कळप परतण्याच्या दिवसांत, हातकणंगले तालुक्यात पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाची यात्रा भरते. भंडारा आणि लोकर उधळली जाते. सोलापूर जिल्ह्यातल्या अंजनगावाहून पायी आलेले फरांडेबाबा भाकणूक सांगतात : पाऊस कसा होईल, धान्य किती पिकेल, भाव काय राहील. ऐकणाऱ्या गर्दीत मेंढके असतात, आणि ऊसवालेही.