मिठूला कंठ फुटला नाही

आमच्या कर्जतच्या जुन्या घरी ओटीवरच्या तुळईला एक लोखंडी कडी आहे. दिवाळीचे चार दिवस तिला आकाशकंदील टांगतात. उरलेले वर्ष ती मोकळीच असते. घरातल्या मुलांची समजूत अशी, की ती कडी कंदिलासाठीच ठोकलेली आहे. खरी हकीकत वेगळी आहे. ती आजीने पिंजऱ्यासाठी ठोकून घेतली. त्या वेळी आमचा जिल्हा कुलाबा या नावाने ओळखला जाई. ‘रायगड’ हे नाव त्याला १९८१ साली मिळाले, आणि तोवर त्या कडीखाली तीन पोपट नांदून गेले होते.

दिवाळीच्या सुमारास आमच्याकडे भात कापणीला येते. उल्हासच्या काठची आणि खाली खालापूरकडे पाताळगंगेच्या खोऱ्यातली शेते पिवळी पडतात, आणि सकाळ-संध्याकाळ पोपटांचे थवे आरडाओरडा करीत डोक्यावरून जाऊ लागतात. पोपट चिमणीसारखा दाणा टिपत नाही. तो अख्खे लोंब तोडतो, दोनचार दाणे खातो आणि बाकीचे टाकून दुसऱ्या लोंबाला हात घालतो. ‘हात’ म्हणायचे कारण, हा पक्षी खरोखरच पायाचा हात करून खातो. माळ्यावर बसून गोफण फिरवणारी, पत्र्याचे डबे बडवणारी पोरे त्याला काय काय शिव्या देत, त्या येथे छापण्याजोग्या नाहीत. आणि हाच शेतातला चोर ओटीवर आला, की त्याला हरभऱ्याची भिजवलेली डाळ, पेरूची फोड आणि हिरवी मिरची!

पोपट म्हणजे काही एकच जात नव्हे. गळ्याभोवती काळी-गुलाबी रेघ असलेला तो आपला नेहमीचा. त्याहून थोराड, खांद्यावर तांबडा डाग असलेला तो करण पोपट. इंग्रजांनी त्याला शिकंदर बादशहाचे नाव दिले आहे. जांभळसर डोक्याची नाजूक तोई उडतानाही ‘तुई? तुई?’ असे काहीतरी विचारीत जाते. शिवाय सह्याद्रीच्या दाट झाडीत चिमणीएवढा एक पोपट आहे. तो रात्री वटवाघळासारखा उलटा लोंबकळून झोपतो.

आमच्या घरी पहिला आला तो राघू, १९५१ साली. आमचे घर स्टेशनाजवळ. घाट चढण्यासाठी गाडीला मागून जादा इंजिने लागत, त्यामुळे घाट चढणाऱ्या गाडीला कर्जतला थांबावेच लागे. म्हणजे दिवसभर गार्डाच्या शिट्या. आजी राघूला वर्षभर ‘विठू विठू’ शिकवीत होती. तो तिच्या तोंडाकडे मोठ्या आदराने पाही आणि गार्डाची शिटी वाजवी. ओटीवर चहा घेत बसलेले किती पाहुणे कप तसाच ठेवून पिशवी उचलून स्टेशनाकडे धावले असतील, याची गणती नाही. ते परत आले की राघू मान खालीवर करी. आजी म्हणे, तो हसतो आहे. काळी टोपी घातलेल्या माणसाशी त्याचे जन्माचे वैर होते. आजोबा काळी टोपी घालीत, हे सांगायला नकोच.

मग तोई. ती कधी एक शब्दही बोलली नाही. मात्र आजोबा संध्येला बसले आणि पळीपंचपात्राचा आवाज झाला, की मान कलती करून एक बारीक मंजूळ शीळ घाली. दुसऱ्या कुणी मुद्दाम पळी वाजवून पाहिली तर ती पाठ फिरवून बसे. ती फार दिवस जगली नाही.

तिसरा मिठू. हा १९६२ सालचा. तो बोले एकच शब्द, ‘कोण?’, आणि तो दारात कुणी आल्यावर नव्हे, तर कुणी बाहेर जाऊ लागल्यावर. पंचांगाची पाने कुरतडण्यात त्याचा हातखंडा होता. एका वर्षी त्याने अधिक महिना पार नाहीसा केला. दोन वर्षे झाली, तीन झाली, तरी मिठूच्या गळ्याला कंठ येईना. शेजारी म्हणत, ‘काकू, याला कंठ फुटला म्हणजे हा घडाघडा बोलेल.’ आजीने मिरच्या वाढवल्या. चौथ्या वर्षी फाल्गुनात एके सकाळी पिंजऱ्याच्या तळाशी एक पांढरे अंडे निघाले. आजी कमरेवर हात ठेवून कितीतरी वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, ‘अगंबाई, हा तर ही निघाला!’

कंठ येतो तो फक्त नराला, तोही दोन-तीन वर्षांचा झाल्यावर. मादीला तो कधीच येत नाही. मराठीत मात्र ‘कंठ फुटणे’ म्हणजे बोलू लागणे. या शब्दाच्या खेळामुळे आमच्या मिठूला चार वर्षे उगाच ‘मंद’ म्हणवून घ्यावे लागले. पुढेही तिचे नाव मिठूच राहिले आणि क्रियापदे पुल्लिंगीच राहिली.

पोपटाने आपल्यासारखे बोलावे हा हट्ट आजीचा एकटीचा नव्हे. तो फार जुना आहे. वात्स्यायनाच्या कामसूत्रातील चौसष्ट कलांत पोपट-मैनांना बोलायला शिकवणे ही एक कला गणलेली आहे. शंकराचार्य मंडनमिश्रांचे घर शोधीत आले तेव्हा पाणी भरणाऱ्या बायकांनी खूण सांगितली, ती दारातल्या पिंजऱ्यांतले पोपट प्रमाणशास्त्रावर वाद घालतात या घराची. शुकसप्ततीतला पोपट तर नवरा परदेशी गेलेल्या प्रभावतीला रोज रात्री गोष्ट सांगून घराचा उंबरठा ओलांडू देत नाही. ही सत्तर रात्रींची कथामाला चौदाव्या शतकात ‘तुतीनामा’ होऊन फारसीत गेली. तिचे जुने मराठी भाषांतरही आहे, आणि ते १८९७ साली छापले कुणी, तर रिचर्ड श्मिट या जर्मन पंडिताने!

पिंजऱ्याची ही हौस समुद्रापलीकडेही पोचली होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला रोमन ग्रंथकार प्लिनी लिहितो, की हा पक्षी हिंदुस्थानातून येतो, अंगाने हिरवा असतो आणि गळ्याभोवती तांबडे वळे असते. म्हणजे आपलाच कंठवाला. तो सम्राटांना नमस्कार करतो, असेही प्लिनी सांगतो. आणि पुढे, शिकवताना त्याच्या डोक्यावर लोखंडी कांबीने मारावे लागते, नाहीतर त्याला लागतच नाही! आमच्या तालुक्यात राजमाचीच्या पायथ्याशी कोंदाण्याची लेणी आहेत. घाटावरून कल्याण बंदराकडे जाणारी जुनी वाट या बाजूने उतरे. ती लेणी पाहताना माझ्या मनात नेहमी येते, की बैलांच्या पाठीवरच्या कापडाच्या गठ्ठ्यांबरोबर एखादा पिंजराही या वाटेने उतरला असेल. त्यातला पोपट काय बोलत असेल? घाटावरची भाषा, आणि रोमला गेल्यावर ती कुणालाच कळली नसेल.

या सगळ्या थोर पोपटांपैकी एकच मला खरा पोपट वाटतो, तो बाणभट्टाच्या ‘कादंबरी’तला वैशंपायन. सातव्या शतकातला हा ग्रंथ. पुढे मराठीने या एका ग्रंथाचे नाव उचलून अशा सगळ्याच ग्रंथांना दिले. आपली ‘कादंबरी’ अशा रीतीने पोपटाच्या तोंडून आलेली आहे. सोन्याच्या पिंजऱ्यातून शूद्रक राजापुढे आणलेला वैशंपायन उजवा पाय उचलून राजाला वंदन करतो आणि राजाच्या प्रश्नावर आपली जन्मकथा सांगू लागतो. पंपा सरोवराच्या काठी एक प्रचंड सावरीचे झाड. त्याच्या ढोलीढोलीतून पोपटांची घरटी. आई जन्मतःच गेलेली, म्हातारा बाप पडलेल्या लोंब्यांचे दाणे गोळा करून चारतो. एके दिवशी शबरांची शिकारी टोळी येते. टोळी पुढे जाते, पण एक म्हातारा शबर मागे राहतो, झाडावर चढतो आणि फळे तोडावीत तशी ढोलीतून पिल्ले काढून, माना मुरगाळून खाली टाकतो. बाप पिल्लाला पंखाखाली घेतो. बाप मरतो, पिल्लू वाळल्या पानांच्या ढिगात पडून वाचते.

हे मी प्रथम कॉलेजात वाचले. वाचताना मला सावर आठवली नाही. आठवली ती वेताची पाटी. चैत्र-वैशाखात डोंगरातून एक माणूस ती पाटी डोक्यावर घेऊन स्टेशनात उतरे. तीत पिसे न फुटलेली, लाल-करड्या अंगाची पिल्ले एकमेकांवर चढून चोची वासत असत. जी जगतील ती गाडीने मुंबईला जात. राघू, तोई आणि मिठू तिघेही त्या पाटीतूनच आले. आजी प्रेमळ होती. ती पिल्लाला कापसाच्या बोळ्याने दूध-पोळीचा काला भरवी आणि रात्री उठून त्याच्यावर पांघरूण घाली. त्या पिल्लाचे आईबाप ढोलीच्या तोंडाशी दोन दिवस ओरडत राहिले असतील, हे तिच्या मनातही आले नसावे. माझ्याही आले नाही. मी रांगेत पुढे उभा राहून पिल्लू निवडीत असे.

पिंजऱ्याचा विचार ज्यांनी केला त्यांत आपले ज्ञानेश्वर आहेत. १२९० सालच्या त्यांच्या ग्रंथात, सहाव्या अध्यायात, पोपट धरण्याची नळी आली आहे. टांगलेल्या नळीवर पोपट बसतो, त्याच्या भाराने ती फिरते, तो उलटा होतो आणि भिऊन नळी घट्ट धरून ठेवतो. त्याला कुणी बांधलेले नसते. पाय सोडला की तो मोकळा. पण अर्धा तोडून नेला तरी तो सोडीत नाही. मनुष्याच्या अहंकारावर याहून नेमका दृष्टान्त मला ठाऊक नाही. पोपटावर मात्र तो थोडा अन्याय करतो, असे मला १९७३ सालापासून वाटत आले आहे.

त्या साली आजी गेली. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी आत्याने पिंजऱ्याचे दार उघडून दिले. म्हणाली, ‘आईच्या मागे याला कशाला कोंडून ठेवायचे?’ मिठू बराच वेळ दारात बसून होता. मग पिंजऱ्यावर चढला, तुळईवरून चालत टोकाला गेला आणि अंगणातल्या शेवग्याकडे झेपावला. शेवग्यापर्यंत पोचलाच नाही. तुळशीवृंदावनापाशी खाली आदळला. मांजराच्या आधी आत्या धावली म्हणून निभावले. आजीने लहानपणी त्याचे पंख कापले होते खरे, पण ते पहिल्या वर्षीच. पिसे केव्हाच पुन्हा आली होती. उडणे आले नव्हते. अकरा वर्षे दोन हात रुंदीच्या पिंजऱ्यात काढलेल्या छातीत ते येणार कोठून? ज्ञानेश्वरांच्या पोपटाचे बंधन भ्रमाचे होते. आमच्या मिठूचे आम्ही केलेले होते. पुढे सात वर्षे पिंजऱ्याचे दार उघडेच असे, आणि संध्याकाळ झाली की तो आपण होऊन आत जाऊन बसे. ‘बघा, किती माया आहे!’ असे पाहुणे म्हणत. आत्या काही बोलत नसे.

१९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर पाखरांचा बाजार कायद्याने बंद झाला. आज आपल्या रानातला कोणताही पोपट धरणे, विकणे, घरी ठेवणे हा गुन्हा आहे. तरी पाट्या अजून कुठे कुठे निघतात, फक्त त्यांवर फडके असते. सापडलेली पिल्ले वनखात्याचे लोक आणि पक्षिमित्र सांभाळतात, त्यांना उडायला शिकवून मग सोडतात. आत्यासारखे एकदम दार उघडून भागत नाही. मौज अशी, की विलायतेत गेलेले आमचे कंठवाले तिकडे पिंजऱ्यांतून सुटले आणि आज लंडनच्या बागांतून थव्याने मोकळे फिरताहेत.

आता अगदी अलीकडची एक गोष्ट सांगतो. व्हेनेझुएलातल्या एका लहानशा रानपोपटाच्या घरट्यांत शास्त्रज्ञांनी कॅमेरे आणि ध्वनिमुद्रक बसवले आणि २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. पिल्लू स्वतः आवाज काढू लागण्यापूर्वीच आईबाप प्रत्येक पिल्लाला वेगळी साद घालतात, आणि पिल्लू तीच, थोडा फरक करून, आपली म्हणून उचलते. अंड्यांची अदलाबदल करून पाहिली, तर पिल्लांनी ती साद घेतली वाढवणाऱ्या आईबापांची. म्हणजे ते एक प्रकारचे नावच. आपल्या कंठवाल्यांत असेच चालते की नाही, हे त्या अभ्यासाने सांगितलेले नाही. पण वाचल्यापासून मला मिठूचा एक बारीकसा आवाज आठवतो. ‘कोण?’ नव्हे. संध्याकाळी थवे घरावरून राजमाचीकडे जाऊ लागले, की तो पिंजऱ्याच्या गजाला चोच लावून एक आखूड, दुहेरी ‘किर्र-की’ काढी. एकदाच, आणि मग गप्प बसून ऐकत राही. आम्ही त्याला ‘मिठू, मिठू’ म्हणून हाका मारीत असू. त्याला तो उत्तर देत असे, डाळीसाठी.

मिठू १९८० च्या पावसाळ्यात गेला. आत्याने पिंजरा बोहाऱ्याला देऊन टाकला. कडी तेवढी तुळईत खोल गेलेली, म्हणून राहिली. परवा धाकट्या नातीने विचारले, ‘आजोबा, कंदील नसतो तेव्हा ही कडी कशाला?’ मी तिला ही सारी हकीकत सांगितली. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, ‘मग मिठूचे खरे नाव काय होते?’