लावणी कोणाची?

स्पेनचे दिग्दर्शक कार्लोस सौरा यांच्या ‘टँगो’ (१९९८) ह्या चित्रपटांत टँगो-नृत्यावर चित्रपट रचणारा एक दिग्दर्शक आपल्याच तरुण नर्तकीवर अनुरक्त होतो. प्रेम व कलाकृति तेथें एकाच वेळीं आकार घेतात. असा योग आमच्या इस्लामपूरच्या आसमंतांतील एका पुरुषाच्या आयुष्यांत प्रत्यक्ष घडला आहे. वाळवे तालुक्यांतील रेठरे हरणाक्ष येथें १८६६ सालीं जन्मलेले श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी तमाशाच्या फडांत शिरले व पठ्ठे बापूराव झाले. महार समाजांतील नर्तकी पवळा हिच्याशीं त्यांचा कलेचा व प्रेमाचा संबंध जडला. सौरांच्या नायकानें केवळ हृदय पणास लावलें. ब्राह्मण बापूरावांनीं जातही लावली.

बापूरावांचा हा त्याग आम्ही गौरवितों, आणि पवळेचें नांव बहुधा त्यांच्या प्रेमकथेपुरतेंच घेतों. परंतु कागदावरची लावणी अर्धीच असते. अदा, मुद्राभाव व चाळांचा ठेका यांनीं ती पुरी होते. टँगोंत जोडीदार दूर झाला कीं नृत्यच सरतें. मग लावणीचें श्रेय एकट्या कवीस कसें द्यावें? बापूरावांच्या लावणीच्या इतिहासांत पवळेस सहकर्त्रीचें स्थान देणें आम्हांस न्याय्य वाटतें.