मोटारसायकलचे इंजिन तापणे

इंजिन मर्यादेबाहेर गरम होऊन ताकद कमी होणे, चढावर खटखट वाजणे आणि शेवटी पिस्टन सिलिंडरमध्ये धरला जाऊन गाडी जागेवर बंद पडणे. बोलीत ‘गाडी गरम मारते’. नुसते गरम होणे हा बिघाड नव्हे. पेट्रोलच्या ऊर्जेतला फार तर तिसरा हिस्सा कामी येतो. बाकीची उष्णता सायलेन्सरच्या धुरातून, ऑइलमधून आणि सिलिंडरभोवतीच्या पाकळ्यांवरून बाहेर पडावी लागते. 100 ते 150 सीसीच्या बहुतेक गाड्यांना ना पंखा असतो, ना पाणी; गाडी पळेल तेवढाच वारा. चढावर कष्ट वाढतात आणि वारा कमी होतो, म्हणून दुखणे तिथे उघडे पडते.

कोल्हापूरकराच्या बाबतीत हा चढ बहुधा परतीच्या वाटेवर असतो. कोकणात जायला करूळ, फोंडा, आंबा, आंबोली यांपैकी कोणताही घाट धरला, तरी जाताना उतारच. येताना मात्र मागे माणूस, मांडीवर पिशवी, शिवाय घाट चढायचा. जाताना शहाण्यासारखी गेलेली गाडी येताना तापते आणि मालक कोकणातल्या पेट्रोलला दोष देतो. पन्हाळ्याचा चढ तेवढा जातानाच परीक्षा घेतो. वरच्या गियरमध्ये गाडी रखडवणे आणि अर्धा क्लच दाबून ओढणे, या दोन सवयींनीच निम्मे काम बिघडते. गियर वेळेवर उतरवावा.

तपासणीची सुरुवात इंजिनपासून करू नये. मेन स्टँडवर गाडी घेऊन न्यूट्रलमध्ये मागचे चाक हाताने फिरवावे. एका हिसक्यात ते दोन-चार फेरे घेत नसेल, तर ब्रेक चिकटतो आहे किंवा चेन फार ताणली आहे. गाडी चालवून आल्यावर ड्रमवर पाण्याचा थेंब सोडावा; चुर्र वाजले तर दोषी सापडला. यानंतर पाकळ्या. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर शेतातली काळी माती डांबरावर येते आणि पुढच्या चाकाने उडून पाकळ्यांच्या फटींत बसते. गरम धातूवर ती विटेसारखी भाजून निघते. इंजिन थंड असताना बांबूच्या कामटीने आणि ब्रशने ती काढावी.

ऑइल पाहताना गाडी सरळ उभी हवी आणि इंजिन बंद करून काही मिनिटे गेलेली हवीत. या गाड्यांत ऑइल असते सुमारे 1 लिटर. त्यातले पाव लिटर जळून गेले, तर राहिलेल्यावर सगळा भार येतो. मग प्लग. टोक विटकरी-तपकिरी असावे. पांढरे फटक असेल तर मिश्रणात पेट्रोल कमी पडते आहे. जेटमध्ये कचरा, कार्बोरेटर आणि इंजिन यांमधल्या रबराला चीर, ही नेहमीची कारणे. 1 एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 नियमांनंतर फ्यूल इंजेक्शन सर्रास आले, त्यामुळे अशा गाड्यांत स्क्रू पिळून भागत नाही, सेन्सर तपासावे लागतात. प्लगचे टायमिंग मागे पडणे, टॅपेट फार घट्ट असणे, क्लच घसरणे आणि सायलेन्सर काजळीने चोंदणे हेही पाहावे, पण इथवर यायची वेळ क्वचित येते.

तापलेल्या इंजिनवर पाणी ओतू नये. बीडाचे ओतकाम म्हणजे काय, हे ओतकामाचे उद्यमनगर असलेल्या कोल्हापूरला सांगायला नको. लालबुंद नसले तरी तापलेले बीड एकाएकी गार झाले की तडकते. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा असतो आणि तो बीडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतो. सिलिंडरच्या आतल्या बीडाच्या लायनरमध्ये तो धरला जातो, तो यामुळेच. सावलीत अर्धा तास थांबावे. किक सहज उतरत नसेल तर जोर करू नये. रेडिएटरच्या गाडीत कूलंट दाबाखाली असल्याने 100 अंशांच्या वरही उकळत नाही, आणि गरम असताना झाकण उघडले की तोंडावर उसळतो.

पुरात बुडालेल्या गाडीचे प्रकरण वेगळे. 2019 आणि 2021 मध्ये पंचगंगेचे पाणी ओसरल्यावर गॅरेजांसमोर अशा गाड्या रांगेने उभ्या होत्या. ऑइलमध्ये पाणी शिरले की ते दुधाच्या चहासारखे दिसते आणि वंगणाचे काम करत नाही. तशा ऑइलवर ‘एकदा लागते का बघू’ म्हणून स्टार्टर दाबला, तर बेअरिंग आणि लायनर दोन्ही जातात. ऑइल काढून, नवे थोडे भरून, न चालवता किकने फिरवून, तेही काढून टाकावे. मगच पक्के ऑइल.