डेटाबेसमधली रांग हळू का होते? मेलेल्या ओळींचा हिशोब

ओटीपी, पावत्या, ईमेल पाठवायला वेगळी क्यू सिस्टिम न आणता पोस्टग्रेसमधलं एक टेबलच रांग म्हणून वापरता येतं. ॲप ओळ टाकतं, वर्कर ती उचलतो आणि काम झालं की डिलीट करतो. जानेवारी २०१६ मध्ये आलेल्या ९.५ आवृत्तीत 'स्किप लॉक्ड' मिळालं, त्यामुळे एकाने धरलेल्या ओळीसाठी बाकीचे वर्कर खोळंबत नाहीत. नवी मुंबईत ऐरोलीच्या एका ऑफिसात मी अशीच रांग सांभाळते.

खरी अडचण पुढे येते. डिलीट केलेली ओळ पोस्टग्रेस लगेच पुसत नाही. अपडेट केलं तरी नवी प्रत बनते आणि जुनी पडून राहते. वाशीच्या एपीएमसीत माल विकला गेला, पण रिकाम्या पेट्या गाळ्यातच राहिल्या, तसंच हे. रांगेत ५० कामं दिसतात, पण ती शोधताना वर्करला लाखो मेलेल्या ओळी ओलांडाव्या लागू शकतात.

ही सफाई ऑटोव्हॅक्यूम करतो. डिफॉल्ट नियम असा: टेबलातल्या ओळींच्या २० टक्के अधिक ५० ओळी मेल्या की व्हॅक्यूम. झालेली कामंही तिथेच ठेवून टेबल १ कोटी ओळींचं झालं, तर सुमारे २० लाख ओळी मरेपर्यंत सफाई होत नाही. म्हणून फक्त या टेबलापुरता स्केल फॅक्टर शून्य करा आणि थ्रेशोल्ड काही हजारांवर ठेवा. झालेली कामं दुसऱ्या टेबलात हलवा.

तरीही रांग तुंबली तर लांबलेलं ट्रान्झॅक्शन शोधा. आमच्याकडे महिनाअखेरचा एक रिपोर्ट दोन तास चालायचा. रांगेच्या टेबलाला त्याने हातही लावला नव्हता, तरी ओटीपी उशिरा जायचे. कारण तो सुरू झाल्यानंतर मेलेल्या ओळी त्याला अजून दिसू शकतात, म्हणून व्हॅक्यूम त्या काढत नाही. व्हॅक्यूम चालतो, पण जागा मोकळी होत नाही.

रोज दोन गोष्टी बघा: मेलेल्या ओळींची संख्या आणि सर्वात जुनं चालू ट्रान्झॅक्शन. उघडं ठेवून विसरलेल्या ट्रान्झॅक्शनना टाइमआउट लावा.

साधा व्हॅक्यूम जागा पुन्हा वापरायला देतो, फाइल सहसा लहान करत नाही. व्हॅक्यूम फुल ती लहान करतो, पण तोवर टेबल पूर्ण लॉक असतं, म्हणजे रांग बंद. लोड फारच असेल तर दिवसागणिक पार्टिशन करा आणि रिकामं झालेलं पार्टिशन ड्रॉप करा. त्यात मेलेल्या ओळी उरतच नाहीत.